दाराची फळी

तेरखेड्याकडच्या फटाक्यांच्या पाकिटांवर पूर्वी जी चित्रं असत, त्यांतली बरीच माझ्या हातची. फळीवर चित्र उलटं कोरायचं, शाई लावायची, वर ओलसर कागद ठेवून पाठीमागून गोल गोल घासायचं. ही जपानी रीत. वडिलांनी जुन्या जपानी काडेपेट्यांवरची चित्रं बघून ती उचलली होती. कोरायचं काम माझं, घासायचं माझ्या बायकोचं, शिवकांताचं.

बहात्तरच्या दुष्काळात ती आमच्या फटाका सोसायटीच्या शेडमध्ये दारू भरायला जाऊ लागली. टँकर आला की बायका काम टाकून घागरी घेऊन पळायच्या, म्हणून चेअरमन आबाराव शेडला बाहेरून कडी घालायचा. एका दुपारी स्फोट झाला. शिवकांतासकट आतल्या सगळ्या गेल्या. पंचनाम्यात चेअरमन म्हणाला, दार उघडंच होतं, बायकाच घाबरल्या. मेलेल्यांवर ढकलायला याच्या बापाचं काय जात होतं?

दिवाळीच्या तोंडावर शेड पुन्हा उभी राहिली. नव्या दाराला कडी पुन्हा बाहेरूनच. घरात दाणा नव्हता, म्हणून माझी लेक पार्वती तिथं जाणार होती. नव्या पाकिटाच्या चित्रासाठी चेअरमननं मला सागाची फळी पाठवली. एका अंगानं जळकी. शेडचं जुनं दार कापून काढलेली. पुरावा गेला, वर लाकूड फुकटात. मी दातओठ खात तिला रंधा मारला. भुसा उडायचा तो दारूचा वास घेऊन.

भुईनळा लावणारी बाई कोरली. तिच्यामागची जागा कोरी राहावी म्हणून लाकूड खोल काढून टाकलं. पहिला कागद उचलला, तर त्या कोऱ्या जागेत पंजे उमटलेले. बायकांचे, एकावर एक, दारावर आपटावेत तसे. जिथं लाकूडच ठेवलं नाही तिथं शाई लागली कशी? एका पंजाची करंगळी वाकडी होती. शिवकांताची होती तशी.

शेड सुरू व्हायच्या आदल्या दुपारी चेअरमन नमुना बघायला आला. उन्हाची झळ नको म्हणून मी खिडकी लावून घेतली होती. खोलीत अंधार होता.

"हे काय छापलंस, माणिकप्पा?"

"तुम्ही धाडलेल्या फळीत जे हाय, तेच."

"खरवडून काढ."

"आधी शेडची कडी काढा. उद्या माझी लेक तिथं बसणार हाय."

तो हसला. "तुझ्या लेकीला आवतान धाडलंय व्हय कुणी?"

माझ्या हातात पटाशी होती. ती खाली ठेवून मी बाहेर आलो, नाहीतर त्याच्या नरड्यात गेली असती. मागं दार सावकाश लागलं. वारा नव्हता. पानही हलत नव्हतं.

मग आत कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या.

"माणिकप्पा... आत कोण हाय रं..."

फटीतून जळक्या दारूचा वास आला. तो दारावर हात आपटू लागला.

"कडी काढ... पाया पडतो तुझ्या... कडी काढ..."

माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून कडीच नाही. नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं कदाचित. मी ढकललं नाही. ओट्यावर बसलो.

"दार उघडंच हाय, चेअरमनसाहेब," मी म्हणालो.

बऱ्याच वेळानं दार आपसूक उघडलं. तो माझ्याकडं न बघता निघून गेला आणि शेडची कडी त्यानं स्वतःच्या हातानं उपटून काढली. पार्वती दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

त्याच्या उजव्या मनगटावर तेव्हापासून काळ्या शाईची चार बोटं आहेत. बारीक, बाईची. शाई माझीच, काजळी आणि डिंकाची. साध्या पाण्यानं निघते, मी रोज हात धुतो. त्याची निघत नाही. आम्ही घागरभर पाण्यासाठी रांगेत उभे असायचो आणि टँकर आधी त्याच्या दारात रिकामा व्हायचा. पोरं सांगायची, चेअरमन मनगट घासत बसलाय. मला दया आली नाही. अजून येत नाही.