विसाव्याचं टेबल

त्या डिसेंबरच्या सकाळी जोलीन बोर्जेस प्रॅक्टिकलच्या शेवटच्या परीक्षेला निघाली, तेव्हा धुकं इतकं दाट होतं की गाडीच्या बॉनेटपलीकडचं काही दिसत नव्हतं. बदामाच्या बागा, गोठे, कालव्याचा पूल, सगळं पांढऱ्यात बुडालेलं. गाडी पायी चालल्यासारखी हाकत ती पुटपुटली, "दोन वर्षं या उकिरड्यावर काढली. आजचा दिवस, बस्स."

उकिरडा म्हणजे तिचं कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षं इथे जीवशास्त्र करायचं आणि मग विद्यापीठात जायचं, असा तिचा बेत. जानेवारीचा प्रवेश हातात होता. अट एकच, या विषयात 'बी'च्या खाली उतरायचं नाही. वर्गातली माणसं तिच्या लेखी एकजात टाकाऊ. ट्रक चालवून थकलेली, पोरंबाळं मोठी करून आता पुस्तकं उघडणारी. आणि त्यात सगळ्यात टाकाऊ तिच्याच टेबलावर बसायची.

इडालिना बेटेनकोर्ट. वय सत्तावन्न. तीस वर्षं पीच डबाबंद करायच्या कारखान्यात उभी राहिलेली, अंगाला पाकाचा वास कायमचा मुरलेला. डुकराच्या पिल्लाला चिरण्याआधी ती छातीवर क्रूस काढायची.

"आजीबाई, ते मेलंय. प्रार्थना करून उठायचं नाही आता," जोलीन मुद्दाम मोठ्याने म्हणायची.

"उठायला नाही गं पोरी. आपल्या कामी आलं, म्हणून."

परीक्षेची रीत अशी: हॉलभर टेबलं मांडलेली, प्रत्येकावर टाचणी टोचलेला एखादा अवयव आणि नंबराची चिठ्ठी. दर मिनिटाला घंटा होते, मुलं पुढच्या टेबलावर सरकतात. सोळा आणि सतराच्या मधे एक टेबल मोकळं असतं, बिननंबराचं. तिथे फक्त मिनिटभर विसावा घ्यायचा, लिहायचं काही नाही. ऑक्टोबरमधल्या पहिल्या परीक्षेच्या आधी इडालिनाने बिचारीने विचारलं होतं, "हे मोकळं का गं?"

"मोकळं कुठे? तोच तर सगळ्यात अवघड प्रश्न. नीट बघायचं, दिसेल ते लिहायचं."

इडालिनाने लिहिलं. सतराच्या ओळीत. त्यामुळे पुढचं प्रत्येक उत्तर एकेक ओळ खाली घसरलं आणि ती नापास झाली. निकालाच्या दिवशी जोलीनने तिचा निळ्या पेन्सिलीतल्या गोल गोल अक्षरांचा कागद ओढून वर्गाला वाचून दाखवला: "स्टीलच्या पत्र्यात मी दिसते. माझ्या मागे कुणी उभं नाही." वर्ग हसला. इडालिनाही हसली, थोडंसं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जास्तीच्या सरावाला येताना, धुक्यात इडालिनाची गाडी कालव्यात गेली आणि ती त्यातच गेली. "चला, आता टेबलावर हात तरी पसरता येतील," जोलीन म्हणाली होती.

आज हॉलच्या खिडक्यांना धुकं चिकटलं होतं. सोळा टेबलं जोलीनने तोऱ्यात उरकली. घंटा झाली आणि ती विसाव्याच्या टेबलावर बसली.

स्टूल गरम होतं. रांगेत ती पहिलीच, तिच्या आधी तिथे कुणी बसलं नव्हतं.

औषधी द्रावाच्या उग्र वासात हळूहळू दुसरा एक वास मिसळला... गोड, चिकट, उकळत्या पाकाचा. पत्र्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. घंटा होईना. मिनिट संपेना. मानेवर कुणाचा तरी संथ श्वास लागत होता.

"काय दिसतं, पोरी?..."

आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारलं होतं, अडल्यासारखं. जोलीनच्या हातातली पेन्सिल चालू लागली. काय लिहितेय हे तिला कळत नव्हतं. पत्र्यावरून नजर उचलायची हिंमत नव्हती...

घंटा झाली. पुढची टेबलं तिने कशी पार केली, तिचं तिलाच ठाऊक नाही. चाळिसाव्या, शेवटच्या टेबलावर तिने उत्तर लिहायला कागदावर पाहिलं तर ओळच उरली नव्हती. सतरापासून सगळं एकेक घर घसरलेलं. खोडायच्या आत प्राध्यापकांनी कागद ओढून घेतला. गाडीत बसून ती हमसाहमशी रडली. गेलं विद्यापीठ. आता याच उकिरड्यावर.

चार दिवसांनी प्राध्यापकांनी बोलावलं. "'बी प्लस'. शेवटी शेवटी घाबरलीस वाटतं? सगळं खोडून पुन्हा लिहिलंयस. पण हे समासात काय?"

उत्तरं आपापल्या ओळीत होती, चाळिसावंसुद्धा. सतरापासून पुढची निळ्या पेन्सिलीने, गोल गोल अक्षरांत. समासातली ओळ मात्र जोलीनच्या हातची होती: "मी दिसते. माझ्या मागे कुणीतरी उभं आहे."

प्राध्यापकांनी इडालिनाचा प्रयोगशाळेत राहिलेला, घडी घातलेला कोट पुढे केला. "तिच्या बहिणीला देशील? तू तिची जोडीदार होतीस."

बहिणीचं नाव फिलोमेना. तिने कोट छातीशी धरला, जोलीनला स्वयंपाकघरात बसवलं.

"तू होय ती! इडालिना सारखं तुझंच सांगायची. पोरगी हुशार आहे, पण जीभ कडू."

"मावशी, मी त्यांना... मी त्यांना खोटं सांगितलं होतं. त्या टेबलाचं."

"तिला ठाऊक होतं. निकालाच्याच रात्री पवित्र आत्म्यापुढे मेणबत्ती लावून नवस बोलली. ही पोरगी एकटी आहे म्हणून अशी बोलते, म्हणाली. तिला विद्यापीठात जाऊ दे, मी अनवाणी तिच्याबरोबर जाईन आणि शिकणं पुरं होईपर्यंत सोबत राहीन." फिलोमेनाने डोळे पुसले. "तिने आजवर एकही नवस अर्धा ठेवला नाही गं."

ती उठली. फडक्यात गोड पाव बांधून तिने जोलीनच्या हातात दिले. दोन होते.

"एकच पुरे, मावशी."

फिलोमेनाने दार उघडलं. जोलीन पायऱ्या उतरून धुक्यात शिरली आणि तिने वळून पाहिलं. फिलोमेना अजून दार धरून, अंग चोरून बाजूला उभी होती. आणखी एक माणूस सावकाश बाहेर पडेल इतका वेळ गेल्यावरच तिने ते लावून घेतलं.