चार वाजल्यानंतरचा लाल

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शब्दही साधेच येतात. सातवीनंतर शाळा सुटली, आणि आम्हा म्हैसूरकरांचं घरातलं मराठी अर्धं कन्नडच असतं. तेवढं सांभाळून घ्या. सांगतो ते मात्र घडलेलं आहे.

एकाहत्तर साली मी मेटगळ्ळीच्या एका लहान शेडमध्ये रेशमी साड्यांचे रंग जुळवायचं काम करत होतो. गिऱ्हाइकानं नमुन्याचा तुकडा द्यायचा, मी पांढऱ्या साडीवर तोच रंग आणायचा. हे मला वेंकोबा मेस्त्रींनी शिकवलं. त्यांचा एक नियम होता. रंग उत्तरेच्या खिडकीतच पाहायचा, आणि चार वाजले की साड्यांवर चादर टाकायची. दिव्याखाली जुळलेले दोन रंग दिवसा वेगळे निघतात. शिवाय मेस्त्री म्हणत, रंग नुसत्या कापडात नसतो. उजेड आणि डोळा मिळून तो तयार करतात. उजेड ओसरला की आधी लाल काळा पडतो. निळा थोडा तग धरतो. मग सगळी राख.

हे मी रोज पाहत होतो. म्हणून तर पुढचं मला सोसलं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं, वनजाचं, लग्न ठरलं. नवरा नंजनगूडचे फत्तेसिंगराव, बिजवर. त्यांची पहिली बायको सरस्वती लग्नानंतर चौथ्या महिन्यात गेली. कशानं, ते कुणी धड सांगितलं नाही. त्यांची अट एकच होती. लग्नाची साडी पहिलीच्याच रंगाची हवी. कागदात गुंडाळलेला बोटभर लाल तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला. मी विचारलं, अख्खी साडी नाही का?

"तिच्याबरोबर गेली," ते म्हणाले. "पेटवायच्या आधी पदराचा एवढा कापून घेतला."

मला नको वाटलं. घरी आईला तसं सांगायला गेलो, तर तिनं मान वर न करता म्हटलं, "सुम्मने बस. तू आणतोस का दुसरं स्थळ?" सुम्मने म्हणजे गप्प. मी बसलो गप्प.

तीन दिवस साडी रंगवली. खिडकीत धरली की कधी पिवळट वाटे, कधी निळसर. त्या तुकड्याचा लाल काही हाती लागेना. लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं, गोरज मुहूर्तावर. चार वाजले. चादर टाक म्हणून बजावून मेस्त्री बस धरायला निघून गेले. मी टाकली नाही. दोरीवरच्या साडीशेजारी तुकडा टाचला आणि बघत बसलो. चूक झाली ती तिथे.

सहा वाजून गेले. वीज गेली. शेडमध्ये ओल्या रेशमाचा आणि आंबट वाफेचा वास कोंडला होता. साडीतून पाणी टपकत होतं... थेंब... थेंब. साडी काळी पडली. पलीकडची निळी राखाडी झाली. मग तीही दिसेना. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तर तोही दिसेना.

तुकडा लाल होता.

तो चमकत नव्हता. त्याचा उजेड कशावर पडत नव्हता. शेजारची टाचणीसुद्धा दिसत नव्हती. भरदुपारी खिडकीत दिसावा तसा, नुसता लाल. मी डोळे मिटले, तो गेला. उघडले, होता. म्हणजे माझ्या डोक्यात नव्हता, तिथे बाहेर होता. मग पदराकडून माझी साडी लाल होऊ लागली. हळूहळू... कपड्यात पाणी चढावं तशी. आता मात्र दोन्ही लाल तंतोतंत जुळले होते.

दारात पावलं वाजली. वनजा होती. ती शेजारच्या कारखान्यात बिस्किटं भरायला जायची, त्या दिवशीही रजा मिळाली नव्हती. सुटली की आम्ही बरोबर घरी जायचो.

"अण्णा, अंधारात काय करतोस रे?"

मी विचारलं, तुला काय दिसतं?

"लाल," ती म्हणाली. मग अगदी हळू आवाजात, "पण... नेसून कोण उभं आहे?"

दोरीवर सपाट साडी होती. मला तेवढीच दिसत होती. मी तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. बसमध्ये आल्यावर विचारलं, तर ती हसली. म्हणाली, मी असं काही बोललेच नाही. लग्नाच्या तोंडावर मला घाबरवतोस होय?

सकाळी पहिल्या बसनं मी शेडवर गेलो. साडी आणि तुकडा दोन्ही उकळत्या पाण्यात टाकले, रंग उतरवायची पावडर ओतली आणि तासभर ढवळलं. पाणी लाल झालं. दोन्ही पांढरे निघाले. उत्तरेच्या खिडकीत धरून पाहिले, कापसासारखे पांढरे. आता साडीच नाही म्हटल्यावर निदान लग्न पुढे ढकलतील, एवढीच आशा होती.

तेवढ्यात मेस्त्री आले. साडी हातात घेऊन त्यांनी खिडकीपाशी उलटसुलट पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "जुळला की रे! असा लाल मलाही जमला नसता."

मी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू मला लालच दिसत होतं.

घरी आलो. आई म्हणाली, काय सुरेख लाल. फत्तेसिंगराव आले होते. त्यांनी तुकडा साडीवर ठेवला, बराच वेळ पाहिला, मान हलवली आणि तुकडा परत खिशात घातला. आपल्याला पांढरी दिसते, हे सांगायला मी तोंड उघडलं. सातवी शिकलेल्याचे शब्द कुठवर पुरणार? खोलीभर सगळे आनंदात हसत होते.

मी साडीला इस्त्री केली. घडी घालून वनजाच्या हातात दिली. तिनं पदर खांद्यावर टाकला, आरशासमोर उभी राहिली आणि मागे न वळता विचारलं, "अण्णा, शोभतो का रे मला हा रंग?"

आरशात ती पांढऱ्याशुभ्र साडीत उभी होती.

मी म्हणालो, शोभतो.