मंजिरीचा कोपरा

बसा, उदयसिंह. बत्ती येईल आत्ता, या टेमाला रोजच जाते. तोवर कंदील लावतो. सर्जनसाहेबांचा पत्ता मागायला आलात ना? देतो. वहिनींना घेऊन उद्याच जा. मेंदूच्या आवरणाची गाठ आहे, मेनिंजिओमा म्हणतात तिला. कर्करोग नव्हे तो. हळूहळू वाढते आणि काढली की निघते. किती माणसं त्यानंतर धडधाकट जगलीत, मी डोळ्यांनी पाहिलीत. माझ्या मंजिरीचं ऐकून मागे फिराल तर पुन्हा या घरी येऊ नका, उदयसिंह भिया. हे आधी सांगून ठेवतो. आता, त्या कोपऱ्यात तुम्हाला बसू का दिलं नाही, ते ऐका.

तेव्हा मी हातोदच्या बाजूला, शहराला पाणी देणाऱ्या तलावावर ओव्हरसियर होतो. रामबागेतल्या याच घरात आम्ही तिघं राहायचो. मी, माझी बायको मंजिरी आणि माझी चुलती द्वारकाकाकू. काका होळकरांच्या खजिन्यावर होते. ते गेले तेव्हा काकू अगदी पोरवयातली. रीतीप्रमाणे तिचं केशवपन झालं, आणि पहिलं वर्ष तिनं माजघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून काढलं. तेव्हा तसंच असायचं. मी पाहिली ती काकू म्हणजे लाल आलवणातली, मोकळ्या हातांची म्हातारी. मंजिरीचा तिच्यावर फार जीव होता, पण त्या उघड्या डोक्याकडे तिला बघवत नसे.

एके संध्याकाळी मोटारीतून उतरलो तर गल्लीच्या तोंडाशी भात करपल्याचा वास. आत ही चुलीपुढे शांत बसलेली. मी चिडलो, तर म्हणे, कसला वास? पुढे तिला उदबत्तीचा वास येईना, रॉकेलचा येईना. सकाळी डोकं ठणकायचं. बोलकी बाई, पण तासन्‌तास गप्प बसू लागली. आम्ही चष्मा केला. वैद्यांनी नाकात तेल सोडलं. कुणी म्हणालं मूल नाही म्हणून मनाला लागलंय, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. मग उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक दिवा धरून आत पाहिलं आणि तिथूनच आम्हाला मोठ्या दवाखान्यात धाडलं. डोळ्यामागची शीर सुजली होती. एक्सरेत नाकाच्या मुळावरचं हाड जाड झालेलं दिसलं. मग मानेच्या धमनीत औषध सोडून फोटो काढले. सर्जनसाहेबांनी ते उजेडापुढे धरून मला दाखवले. लिंबाएवढी गाठ. काढली नाही तर दुसरा डोळा जाईल, मग जीव. काढली तर बाई बरी होईल.

मंजिरीनं सगळं ऐकून घेतलं. सुईला घाबरली नाही, कवटी उघडणार म्हटल्यावर घाबरली नाही. डोकं भादरावं लागेल म्हणाले, तिथं अडली. म्हणाली, नवरा जिवंत असताना मी नाही ते करून घेणार. माझ्यामुळे तुम्हाला काही झालं तर? मी समजावलं, रागावलो, हात जोडले. शेवटी काकूनंच वाट काढली. म्हणाली, प्रयागला सवाष्णी वेणीदान करतात की नाही? नवरा मांडीवर बसवून आपल्या हातानं वेणी घालतो आणि शेंडा कापून गंगेला देतो. तसं समज. हा चिंतू तुझी वेणी आधी कापेल, मग न्हाव्याचं काय ते होऊ दे.

तर दवाखान्याच्या खाटेवर मी वेणीदान केलं. मला वेणी कुठली घालता येते? पेड सुटायचे, ती हसायची. म्हणाली, पंपाचे पट्टे बरे लावता तुम्ही. कितीतरी महिन्यांनी हसली होती. शेंडा नाही, मी सबंध वेणीच कापली आणि पंच्यात गुंडाळली.

मग सिस्टर आल्या. केरळच्या होत्या, फार मायेच्या. त्यांच्या कामाची एक रीत असते, ती त्यांनी केली. न्हाव्यानं डोकं गुळगुळीत केलं. कपाळ स्पिरिटनं पुसलं, कुंकू गेलं. मंगळसूत्र काढून माझ्या हाती दिलं. बांगड्या हातातून निघेनात, तर टॉवेलात मनगट गुंडाळून खाटेच्या लोखंडावर हलकेच आपटल्या. काचेचा आवाज झाला आणि मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं की मी काय बघतोय. काकूला जे घरात झालं होतं, तेच सगळं, एकामागून एक.

"तुम्ही समोर राहा," ती म्हणाली. "डोळे उघडले की मला दिसा."

मी हो म्हटलं. ऑपरेशन चांगलं झालं, गाठ सबंध निघाली. पण त्या खोलीत घरच्या माणसाला सोडत नसत, जंतूंची भीती. मी दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिलो. रात्री ती शुद्धीवर आली, आणि पहाट होण्याआधीच डोक्यात रक्ताची गुठळी होऊन ती गेली. मध्ये काय झालं ते सिस्टरांनी मला नंतर रडत सांगितलं. जागी झाली तेव्हा तिला आधीचं काही आठवत नव्हतं. तिनं डोक्याला हात लावला, पट्टीच्या कडेला कातडी लागली. मनगट चाचपलं. गळा चाचपला. मग सिस्टरांना एवढंच विचारलं, "कब गए वो?" सिस्टरांना वाटलं, नवरा दारापर्यंत येऊन बाहेर कधी गेला ते विचारतेय. म्हणाल्या, "शाम को." त्यानंतर ती बोललीच नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी. मी भिंतीपलीकडे होतो, उदयसिंह... एका भिंतीपलीकडे.

श्रावण होता. अस्थी आणि वेणी मी प्रयागला नेल्या. सकाळी परत आलो, त्याच दिवशी दिवेलागणीला माजघरात दवाखान्याचा वास आला, स्पिरिटचा. त्या कोपऱ्यात ती बसली होती. भिंतीकडे तोंड, अंगावर पांढरी चादर, डोकं उघडं. मांडीवर माझी काळी टोपी, जी सकाळपासून खुंटीवर सापडत नव्हती. ती हळू हळू डोलत होती. हातात बांगडी नाही, म्हणून कसलाच आवाज नाही.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण भीतीहून जास्त आनंद झाला. हाक मारली. समोर जाऊन बसलो. तिची नजर माझ्यातून आरपार गेली, भिंतीवर. "मंजे, मी आहे गं... हा बघ." तिनं टोपी छातीशी धरली आणि अशी रडली की माझ्यानं बघवेना. मग चादर नुसतीच राहिली असं वाटलं, मग तीही नाही.

रोज यायची. मी रोज सांगायचो. एके दिवशी काकू दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"चिंतू," ती अगदी हळू म्हणाली, "ती कुणासाठी रडतेय, कळलं का तुला?"

मी कोपऱ्याकडे पाहिलं.

"तुझ्यासाठी. मी अशीच बसले होते रे. ती तुझ्यामागे कोपरा धरून बसलीय... तिला कोण सांगणार?"

कुणीच सांगू शकलं नाही. वर्षभर माझी बायको माझ्यासमोर बसून माझं दुःख करत होती, आणि मी जिवंत असून तिच्या काही कामाचा नव्हतो. यापेक्षा ती आलीच नसती तर बरं, असंही वाटायचं. आणि यायला उशीर झाला की जीव कासावीस व्हायचा.

वर्षश्राद्ध झालं, भाद्रपद लागला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला. काकूनं तिच्या आवडीचं सगळं रांधलं. दुपारी कावळ्याचं पान घेऊन मी गच्चीवर गेलो. कावळे कठड्यावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. मी हात जोडले, म्हटलं, मंजे, काय राहिलं तुझं?

तेव्हा लक्ष गेलं. गच्चीच्या दक्षिणेकडच्या टोकाला आणखी एक पान मांडलेलं होतं. त्यावर शिळ्या पोळीचा लाडू, गूळ-तुपात वळलेला, आणि बाजूला भरली मिरची. श्राद्धाला असलं कुणी करत नाही. ते मला आवडतं, आणि मंजिरीशिवाय कुणी मला ते करून दिलेलं नाही. काकूचे गुडघे कधीचे गेलेले, ती जिना चढत नव्हती.

सगळे कावळे त्या पानावर उतरले. क्षणभरही थांबले नाहीत.

त्या संध्याकाळपासून हा कोपरा रिकामा आहे. तिचं माझ्यामागचं सगळं करून झालं, असं काकू म्हणायची. मी अजून दिवेलागणीला इथं बसतो, पण येत नाही ती. त्या दुपारचं एक मात्र मी काकूलाही सांगितलं नाही. श्राद्ध म्हणून सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. पण त्या कावळ्यांनी पानावर चोच मारली... आणि माझ्या तोंडात गुळाची चव आली.