नवरी फोटो काढायला गेलीय!

मौलवी आगांनी आज मजलिसीत करबलाचं दुःख काय आळवून गायलं गं! रडून झालं ना? आता डोळे पुसा, चहा घ्या आणि जवळ सरका. आपल्या शिराझच्या माहरुखची गोष्ट सांगते, तोंड गोड होईल.

त्या दुपारी नारिंगाची फुलं नुसती घमघमत होती. माहरुखने अंगणात फोटोसाठी खोटं लग्न मांडलं होतं. चादर, मेणबत्त्या, खडीसाखर... पण नवरी व्हायला कबूल झालेली तिची मैत्रीण फरंगीस आलीच नाही. फोटो काढून घेते म्हणून भावाने तिला घरात कोंडलं होतं. तेवढ्यात, मागवलेला आरसा घेऊन दुकानातला सियामक आत आला.

"नवरी कुठाय, खानम?"

"मीच." तिने जीन्सवरच पांढरी ओढणी घेतली, हातात कॅमेरा धरला. "आरसा नीट धरा. हलू नका."

"पण आरशात नवरीने आधी नवऱ्याला बघायचं असतं ना?"

"माझी नवरी स्वतःला बघते."

"मग नवऱ्याने काय करायचं?"

"आरसा धरून गप्प उभं राहायचं!"

"जमेल की..." आरशाच्या कडेवरून दोन डोळे हसले. तिचा हात हलला — फोटो बिघडला! मग काय, दुसऱ्या दिवशी पुन्हा आरसा... त्याच्या पुढच्या दिवशीही...

'कॅमेरा सोड' म्हणणारी सगळी स्थळं माहरुखने परत पाठवली होती. सियामक तसं म्हणाला नाही, आणि दोघांचं ठरलं. पण खऱ्या लग्नात त्याच्या आईने तिच्या मांडीवरचा कॅमेरा उचलला. "हे खूळ आता पुरे हं, सूनबाई." माहरुखचं तोंड एवढंसं झालं.

"कबूल आहे?" निकाह लावणाऱ्या आगांनी विचारलं. रीतीप्रमाणे पहिल्या दोन वेळा नवरी गप्प, आणि सबब आम्ही बायकांनी सांगायची. तिच्या डोक्यावर धरलेल्या कापडावर साखरेचे खडे घासता घासता मी ओरडले, "नवरी फुलं खुडायला गेलीय!"

त्यांनी पुन्हा विचारलं. 'गुलाबपाणी आणायला गेलीय' म्हणायला मी तोंड उघडलं, तोच सियामक उठला. "नवरी फोटो काढायला गेलीय!"

आईच्या हातातला कॅमेरा त्याने माहरुखला दिला, समोरचा आरसा उचलला — आणि गप्प उभा राहिला.

सगळे त्याच्या आईकडे बघत होते. ती बघत राहिली... बघत राहिली... आणि फिस्सकन हसली. "धरलायस तर सरळ तरी धर, गाढवा!"

तिसऱ्यांदा प्रश्न आला.

"आईबाबांच्या परवानगीने... हो!" आणि त्याच क्षणी — खट्!

तो फोटो बघा, भिंतीवर. आरशात नवरी, कडेला दोन हसरे डोळे. आणि तिच्या शेजारी ती रिकामी गादी दिसते? माहरुखने मुद्दाम ठेवली होती, फरंगीससाठी; भावाने तिला त्या दिवशीही येऊ दिलं नाही. आज नमाजानंतर दुआ मागाल ना, पोरींनो, तेव्हा तिची आठवण ठेवा.