तिसऱ्या प्लगचा दोरा

मी गॅरेजवाला माणूस. भूत, चकवा असल्या गोष्टी टपरीवर ऐकायच्या आणि चहाचा कप खाली ठेवला की विसरायच्या, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. पुढचं वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा. वर्षभरापूर्वी मीही हसलो असतो.

पण हे माझ्या गॅरेजात घडलंय.

माझ्या हातून घडलंय.

माझं नाव गोकुळ. पुणे-नाशिक रस्त्यावर पेठला माझं गॅरेज आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना आता कुणी हात लावत नाही, मी लावतो. माझ्याकडं कॉम्प्युटर नाही. इंजिन चालू करा, मी डोळे मिटून ऐकतो आणि दुखणं कुठं आहे ते सांगतो. या कानाचा मला फार माज होता. खोटं कशाला बोलू?

गेल्या डिसेंबरातली सतरा तारीख. बुधवार. संध्याकाळचे पाच वाजले होते, ऊन अजून रस्त्यावर होतं.

शिनोलीचा सार्थक गाडी घेऊन आला. पोरगा अठ्ठावीसेक वर्षांचा, चाकणला कंपनीत कामाला. गाडी त्याच्या वडिलांची, सत्त्याण्णव सालची पांढरी कार. ती आत वळतानाच मी ओळखलं. तीन सिलिंडरची गाडी दोनावर चालत होती. उभी केल्यावर अख्खी थरथरायला लागली. दोन ठोके नीट पडायचे...

आणि तिसऱ्याच्या जागी काहीच नाही.

"मिसिंग मारती," मी म्हणालो. "उभ्या उभ्या बंद पडंल."

सार्थकनं सगळं सांगितलं. त्याचे वडील राघूअण्णा चार वर्षांपूर्वी गेले. याच गाडीत. त्या दिवशी त्याच्या आईच्या, तुकाबाईंच्या छातीत दुखत होतं. अण्णांनी अंगणात गाडी चालू केली आणि "आवर लवकर" म्हणून हाक मारली. ती लुगडं बदलून, कुलूप लावून बाहेर आली, तर अण्णांची मान स्टिअरिंगवर. पाय एक्सलेटरवर तसाच दाबलेला. इंजिन अंगणात बोंबलत होतं. शेजाऱ्यांनी येऊन चावी फिरवली तेव्हा ते थांबलं. तुकाबाईंना काही झालं नाही, गेले ते अण्णाच.

आता चार वर्षांनी तुकाबाईंचं हृदय खरंच दमलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मंचरला तपासणी होती.

"आई म्हणती, वडापच्या जीपनं जाईन, पन त्या गाडीत बसणार न्हाई," सार्थक म्हणाला. "भाऊ, धा पावलं चालली की तिला धाप लागती. तिला वडापमधी कोंबून नेऊ का? तुमी गाडी नीट करा. मी तिला समजावतो."

मी बॉनेट उघडलं. त्याला सीटवर बसायला सांगितलं. आमच्याकडं पद्धत अशी, की मी 'रेस' म्हटलं की द्यायची, 'सोडा' म्हटलं की सोडायची. बॉनेट वर असलं की मला आतला माणूस दिसत नाही. सगळा कारभार तोंडी.

"रेस."

इंजिन चढलं.

"सोडा."

उतरलं. अगदी हळुवार, जाणत्या माणसानं सोडावं तसं. पोराचा पाय चांगला आहे, असं मनात आलं.

मग चालू गाडीवरच मी एकेक प्लगची टोपी काढायला लागलो. सोपा हिशेब आहे. टोपी काढल्यावर इंजिन कण्हलं, तर तो सिलिंडर जिवंत. फरक पडला नाही, तर तोच मेलेला.

पहिली काढली. इंजिन बसायला लागलं... आणि मी काही न बोलता रेस आली. बंद पडू दिलं नाही. मी टोपी लावली, रेस सुटली.

दुसरी काढली. तसंच.

तिसरी काढली.

काहीच फरक नाही.

टोपी उलटी करून बघितली तर आत लोकरीचा बोळा. काळ्या मेंढीच्या लोकरीचा दोरा वळून, सात गाठी मारून घट्ट कोंबलेला. करंट पोचणार कसा? मला हसूच आलं. लोक गाडीला लिंबू-मिरची बांधतात, बिब्बा बांधतात, पण प्लगच्या टोपीत दोरा मी पहिल्यांदाच बघितला. पकडीनं ओढून काढला आणि मागच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला.

टोपी लावली.

तिसरा ठोका आला. थरथर थांबली. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हलला नसता. माझं मलाच कौतुक वाटलं.

"द्या रेस," मी म्हणालो.

इंजिन चढलं.

"सोडा."

सुटलं नाही.

"सार्थक, सोड की."

रेस वाढली. अजून वाढली. पत्रे थडथडायला लागले, जळक्या तेलाचा वास सुटला. मी ओरडत होतो आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. इतक्यात सहज रस्त्याकडं नजर गेली...

पलीकडून सार्थक येत होता. दोन्ही हातांत चहाचे कप होते.

मी बॉनेट खाली पाडलं.

सीटवर कुणी नव्हतं.

सीटवर राघूअण्णांचं जुनं घोंगडं अंथरलेलं होतं. ते मधोमध खोल दबलेलं होतं. खाली एक्सलेटर पार तळाला टेकलेला.

खिडकीतून हात घालून मी चावी कशी फिरवली ते मला आजही आठवत नाही. इंजिन गप्प झालं. एक्सलेटर सावकाश वर आला. मग घोंगड्यातला खळगाही भरला... कुणीतरी गुडघ्यावर हात देऊन उठावं, तितका वेळ घेऊन.

सार्थक जवळ आला. "तू कधी उतरलास?" मी विचारलं. तो म्हणाला, "तुमी डोकं आत घातलं तवाच की. मला वाटलं, तुमीच हातानं रेस देताय."

मी एक्सलेटरची केबल तपासली. नवी होती, लोण्यासारखी सरकत होती. तरीही सार्थकला सांगितलं, की केबल अडकत होती, तेल सोडलंय. काय सांगणार होतो? पेठपासून मंचरपर्यंत माझ्या कानाचं नाव आहे, भुताची गोष्ट सांगून ते घालवू? तो खूश होऊन गाडी घेऊन गेला.

सात वाजता फोन आला.

"गोकुळभाऊ का? मी सार्थकची आई. त्या तिसऱ्या टोपीत दोरा व्हता, तो हाय ना?"

"का वो?" मी विचारलं. तिनं सांगितलं, की अण्णा गेल्यावर गाडी चालू केली की रेस आपोआप चढायची. अण्णा प्लग साफ करायचे तेव्हा ती फडकं धरून शेजारी उभी असायची, म्हणून तिला टोपी काढता येत होती. तिनंच आपल्या मेंढीची लोकर वळून तो दोरा कोंबला होता.

"दोनावर असली की ते ऐकत्यात, भाऊ. बसून ऱ्हात्यात," ती म्हणाली. "तीनावर आली की निघत्यात. मला न्यायचं ऱ्हायलंय ना त्यांचं."

मी पिंपाकडं बघितलं. शेजारच्या टपरीवाल्या लंकाबाईनं रोजच्यासारखा कचरा पेटवून शेकोटी केली होती. तळाशी नुसती राख होती.

त्या वेळी खरं बोललो असतो तर? नुसतं एवढंच, की दोरा गेला, गाडीत बसू नका. एक वाक्य होतं.

मी म्हणालो, "हाय की. बाकीचं काम केलंय, दोऱ्याला हातच लावला न्हाई."

तिनं सुस्कारा सोडला. "मग बसते उद्या. पोराचा जीव लई वरखाली व्हतोय."

सार्थक घरी पोचला तेव्हा ती मेंढरं कोंडायला गेली होती. गाडीचा आवाज तिनं ऐकलाच नाही. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. तिचाच नंबर.

उचलला. आधी नुसतं इंजिन ऐकू आलं. तीन ठोके. गुळगुळीत. मी केलेलं काम.

"गोकुळभाऊ..." तिचा आवाज बारीक झाला होता. "ही तीनावर चाललीय की वो."

मी म्हणालो, उतरा. आधी उतरा. सार्थक कुठंय?

"गाडी चालू करून फाइल आणायला आत गेलाय. तुमी तर म्हणला व्हता, दोरा हाय."

"आधी उतरा," मी पुन्हा ओरडलो.

मग ती बोलली, पण माझ्याशी नाही. फोन तोंडापासून लांब गेला होता. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं, खालच्या आवाजात म्हणाली,

"आवं... सार्थकला तरी येऊ द्या."

रेस चढली.

फोन कट झाला.

सार्थक फाइल घेऊन बाहेर आला तेव्हा अंगण रिकामं होतं. घोडेगावच्या बाजूला इंजिनाचा आवाज लांब लांब जात होता. शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन तो मागं लागला, त्याला गाडी दिसलीसुद्धा नाही.

गाडी मंचरला सापडली, ज्या दवाखान्यात तिला न्यायचं होतं तिथंच. फाटकावरचे गेणभाऊ सांगतात, आठला दहा कमी होते. दोनदा हॉर्न वाजला म्हणून त्यांनी फाटक उघडलं. चालवत कोण होतं ते त्यांनी बघितलं नाही. गाडी कडेला सरळ लावलेली होती. न्यूट्रलमध्ये. हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालूच होतं.

तुकाबाई डाव्या सीटवर होत्या. डोक्यावर पदर, पट्टा लावलेला. डॉक्टर म्हणाले, जाऊन अर्धा तास तरी झाला असावा.

त्या बाईला साधी सायकलही येत नव्हती.

दहावा झाल्यावर सार्थकनं गाडी टोचन लावून, ओढत माझ्याकडं आणून सोडली. घरी नको म्हणाला. जाताना त्यानं विचारलं, "आईचा शेवटचा फोन तुमाला व्हता. काय म्हणली?"

मी सांगितलं, रेंज नव्हती, काही कळलं नाही.

तिसऱ्यांदा खोटं बोललो.

गाडी गॅरेजाच्या मागं उभी आहे. बॅटरी मी काढली. टाकीतलं पेट्रोल काढलं. तिन्ही प्लग खोलून घरी आणले, ते हे लिहिताना माझ्यासमोर टेबलावर आहेत. घोंगडं काढायला मात्र हात धजला नाही.

लंकाबाईला विचारलं तर ती म्हणते, मागून कसला आवाज येत नाही. गॅरेजात येणारे म्हणतात, नाही. म्हणजे फक्त मलाच येतो. आणि माझा कान चुकत नाही, हे मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलोय.

रोज संध्याकाळी पाचला ती चालू होते. तीनावर. एकही ठोका न चुकता. तुकाबाईंना न्यायचं होतं, त्यांना नेलं. मग आता कुणासाठी थांबलेत, हे विचारायचं माझं धाडस होत नाही.

गेल्या शुक्रवारपासून रेसही येते. मी हातातलं काम टाकून मागं तोंड करतो आणि म्हणतो, "सोडा, अण्णा."

अजून एकदाही सोडलेली नाही.