दोनच हाका

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायला माझ्याकडे काही नाही. मागच्या जुलैत, भर दुपारी, माझ्यासोबत सुरू झाली.

ग्रीसमधलं आमचं माव्रोमाती गाव डोंगरउतारावर. खाली जुन्या मेसिनी नगराचे खांब आणि पडक्या भिंती. त्यांना लागूनच माझी ऑलिव्हची झाडं.

दुपारी तिथे सहसा कुणी थांबत नाही. थांबलंच, तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. त्या पडक्या भिंतींत दुपारच्या बायका असतात. त्या माणसं नव्हेत; ओळखीच्या आवाजात बोलावतात, पण दोनदाच. तिसरी हाक माणसाची.

म्हणून माझी बायको फोटिनी गच्चीतून जेवायला बोलवायची, ती सलग तीनदा. तिसरीला जोडून, "दगडांशी लग्न केलंयस का रे?"

फेब्रुवारीत ती गेली.

त्या दुपारी मी झाडांखालचं वाळलेलं गवत कापत होतो. फांद्यांवर किडे किर्र ओरडत होते.

एकदम थांबले... सगळे.

"आर्गिरिस..."

फोटिनी. पण वरून, गावातून नाही. खालून, खांबांमधून.

"आर्गिरिस..."

मी तिसरीची वाट पाहिली.

आली नाही.

संध्याकाळी थोरल्या बहिणीला सांगितलं. फोटिनी गेल्यापासून कॅलिओपीताई माझ्याकडेच राहते.

"आवाज तिचाच होता, ताई."

"तिचा असता तर पाठोपाठ बोलणीही खाल्ली असतीस. ती तुला सोडणारी होती का?"

दोघंही हसलो. मग तिने माझा हात धरला.

"ओ देऊ नकोस. मला आता तू एकटाच आहेस."

तरी मी रोज गेलो. रोज दोनच हाका.

शेवटी राहवलं नाही. दुसऱ्या हाकेला म्हणालो, "आलो गं."

काहीच झालं नाही. किडे पुन्हा ओरडायला लागले. मी घरी आलो.

ताई गच्चीत उभी होती. चेहरा उतरलेला.

"खालून मला कशाला बोलावलंस? आणि दोनदाच बोलावून गप्प का झालास?"

मी बोलावलंच नव्हतं.

"तू ओ दिलीस?" मी विचारलं.

"नाही. तिसरीची वाट बघत होते."

तेव्हापासून फोटिनीची हाक येत नाही. माझी येते.

काल दुपारी ताई मला मसुराची आमटी वाढत होती. बाहेरचे किडे थांबले...

"ताई..."

माझाच आवाज. माझं तोंड मिटलेलं.

ताईने पळी खाली ठेवली.

"ताई..."

मग खाली एक बाई हसली. हळूच.

ते हसणं मी ओळखतो.

"खिडकी लाव," ताई म्हणाली.

मी उठलो. खिडकीपाशी गेलो.

अजून लावलेली नाही.