दादाच्या पेनाचं टोपण

आमच्या प्रयोगशाळेत सकाळचं पहिलं काम म्हणजे रिकामी काचनळी यंत्रात घालायची. पडद्यावर सरळ रेघ आली की यंत्र शहाणं, मग बाकीचं. वीस वर्षं हेच करतोय. साहेब लोक आले, शोधनिबंध छापून मोठे झाले. मी नळ्याच धुतोय.

हे यंत्र एकटे पडलेले इलेक्ट्रॉन शोधतं. शेजारच्या जाड भिंतींच्या खोलीत गॅमा किरणांखाली प्लास्टिक ठेवलं की बंध तुटतात, जोडीतला इलेक्ट्रॉन एकटा उरतो. अशा रेणूला फ्री रॅडिकल म्हणतात. पडद्यावर त्याचा उंचवटा दिसतो. पारदर्शक बॉलपेनाचं पॉलिस्टायरीन त्यातल्या त्यात चिवट. त्यातल्या बेंझिनच्या कड्या बसलेला मार आपसांत वाटून घेतात, म्हणून थोडंच तुटतं. तेही हवा लागली की काही दिवसांत मिटतं. आमच्या घरात अशी वाटणी कधी जमली नाही.

माझा थोरला भाऊ त्याच खोलीवर कामाला होता. अकरा महिन्यांपूर्वी किरण चालू असताना आत गेला, सात मिनिटं होता, महिन्याभरात गेला. असं होऊ नये म्हणून दाराच्या चौकटीत खटका आहे, किरण चालू असले की तो दार अडवतो. घाईच्या वेळी आम्ही सगळेच त्यात पेनाचं टोपण खुपसायचो, म्हणजे दार अडत नाही. त्या दिवशीचं टोपण दादाच्या पेनाचं निघालं आणि चौकशीत खापर त्याच्याच माथी फुटलं. ते त्याच्या टेबलावरून उचलून मी खुपसलं होतं. काढायला विसरलो. चौकशीत तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

गेल्या आठवड्यात वहिनी ते पेन घेऊन आल्या.

"भाऊजी, हे तेव्हा त्यांच्या खिशात होतं. तुमचं यंत्र काही सांगेल का?"

"आता काय उरलं असणार त्यात, वहिनी?"

"तरी बघा. पोरीच्या तोंडावर लोक म्हणतात, तुझा बाप बेफिकीर होता. खरं काय ते तेवढं सांगा."

बघतो म्हणालो. काही निघणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच म्हणालो.

दादाच्या पेनाचा तुकडा कापून नळीत घातला. तुलनेला रोज माझ्या खिशातल्या पेनाचा ताजा तुकडा. माझी रेघ सरळ. दादाच्या तुकड्याला बारीक उंचवटा.

दुसऱ्या दिवशी तो दुप्पट झाला. तुकडा गरम केला. उष्णतेने उरलासुरला उंचवटा विझायलाच हवा होता. तिसऱ्या दिवशी आणखी वाढला. रिकामी नळी मात्र सरळच. पाचव्या दिवशी गणित मांडलं. त्या खोलीत सात मिनिटांत बसेल तेवढ्या माराचा उंचवटा. तिथे तो थांबला.

काल वहिनींचा फोन आला. "काय निघालं?"

"काही नाही. सरळ रेघ आहे."

"म्हणजे चौकशीत निघालं तेच खरं. चूक यांचीच."

"हो," म्हणालो. माझी मलाच शिसारी आली, तरी हो म्हणालो.

आज सकाळी त्या खोलीतून नमुने आणले आणि कामाला लागलो.

रिकामी नळी सरळ.

दादाचा तुकडा घातला. सरळ. मी सांगितली होती तशीच.

हायसं वाटलं. सवयीने माझ्या पेनाचा तुकडा घातला.

उंचवटा आला. उंची ओळखीची होती.

वहीत नोंद करायला पेन उघडायला गेलो. टोपण नव्हतं. खिशात नाही, टेबलावर नाही.

सकाळी त्या खोलीचं दार खटक्याला न अडता एका बोटाने उघडलं होतं.